अळीच्या पोटातला चुना

अळीची मला किळस येते असं सांगितलं की लोक हसतात. "प्राणिशास्त्र शिकलीस ना गं तू?" शिकले की! नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला तेच शिकले, म्हणून तर येते. ज्यानं अळी नुसती पानावर बघितलीय त्याला ती गुबगुबीत, गोजिरवाणीसुद्धा वाटत असेल. मी ती चिरलीय. आत काय असतं विचाराल, तर आतडं. तोंडापासून बुडापर्यंत एकच जाड नळी, पाल्याच्या चोथ्यानं ठासून भरलेली, आणि बाकीचं सगळं कडेला अंग चोरून बसलेलं. हात लावला की थंड लागतं, दाबलं की बोटाखाली सरकतं. शी! आत्ता लिहितानासुद्धा मी पदराला हात पुसतेय.

आणि नशीब कसं असतं बघा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला होते आणि नेमक्या त्याच वर्षी आमच्या दादानं घरी अळ्या पाळल्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, विहिरीला पाणी बेताचं. तुतीला पाणी कमी लागतं, तुती लाव, रेशमाच्या अळ्या पाळ, असं रेशीमवाल्या साहेबांनी त्याच्या डोक्यात भरवलं. अंगणाच्या कडेला पत्र्याची खोली उभी राहिली. आत बांबूची मांडणी, मांडणीवर ट्रे आणि ट्रेमध्ये त्या. पांढऱ्याफटक, बोटाएवढ्या, अखंड चरणाऱ्या. दिवाळीच्या सुट्टीला मी घरी आले तेव्हा दारातच तो वास नाकात गेला. ओला पाला, लेंड्या आणि त्यात काहीतरी गोडसर कुजकट. मी उंबऱ्यावरच चहा नको म्हणून सांगितलं.

वहिनीला मात्र काही वाटायचं नाही. ती नेवाशाकडची, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. माहेरी कधी अळी पाळलेली नाही की काही नाही, पण हिनं ते काम असं काही हातात घेतलं की जसं बाळंतपणच करतेय. पाला कापायचा, लेंड्या काढायच्या, दुबळ्या अळ्या वेगळ्या ठेवायच्या. पाला वाळू नये म्हणून ट्रेवर ओला कपडा पांघरायचा असतो, तर तिनं आपल्या लग्नात हळदीच्या वेळी वापरलेला पंचा आणला. मऊ सुती, पिवळाधमक. "ह्यास्नी मऊ लागंल," म्हणाली. मी म्हटलं, "वहिनी, अळ्यांना कसली आलीय हळद!" ती हसली. "आसू द्या की वन्सं. त्यांचं बी लगीनच हाय आता, कोषात बसायच्यात."

खोलीवर राज्य मात्र आईचं. साहेबांनी नियम सांगितले होते, हात धुवा, पाय धुवा, उग्र वासाचं काही नको, तंबाखू-बिडीवाल्याला आत घेऊ नका. आईनं त्या नियमांचं पार सोवळं करून टाकलं. खोलीशेजारी फोडणी बंद. शेजारणी अंगणाबाहेरून बोलायच्या. आणि आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांना तर खोलीच्या सावलीलासुद्धा उभं राहायची बंदी. आबांच्या तळहातावर सदा तंबाखू आणि चुना. "तुमी तिकडं गोट्यात ऱ्हावा," आई ओरडायची, "माज्या किड्यांना मारशीला!" आबा बिचारे गोठ्यात बसून चुना मळायचे. आई स्वतः मात्र अळ्यांना हात लावायची नाही. दारात उभी राहून हुकूम सोडायची, तोंडात मिश्रीचं बोट घालून.

मिश्री ज्यांनी बघितली नाही त्यांना काय सांगू? बरंच झालं म्हणा बघितली नाही ते. तव्यावर तंबाखू काळीठिक्कर होईतो भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना घासत बसायची. मग काळी पिंक. आमच्या न्हाणीच्या भिंतीला खालून हातभर काळा ओघळ होता. आईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर काळं, नखाची कड काळी, आणि त्याच बोटानं लहानपणी तिनं मला भात भरवला. अळीनंतर मला दुसरी किळस कशाची असेल तर त्या बोटाची. पण आमच्याकडच्या सगळ्या बायका लावतात, त्यात तिला तरी काय बोलणार?

सुट्टीनंतर माझी तोंडी परीक्षा होती. आमचे सर अळीचे भक्त. त्यांचा ठरलेला प्रश्न, अळीच्या आतड्याच्या अस्तरातून अमिनो आम्लं कशी शोषली जातात. मी खोलीच्या दाराबाहेर पोत्यावर बसून घोकायची आणि वहिनी आतून विचारायची, "आज काय वाचताय?" एकदा मी तिला सगळंच समजावून सांगितलं. म्हटलं, ऐक. तुझ्या अळीनं पान खाल्लं की त्यातल्या प्रथिनांचे पोटात बारीक तुकडे होतात, ती अमिनो आम्लं. त्याचंच पुढं रेशीम होतं. पण ते आधी नळीतून बाहेर, रक्तात जायला हवं ना? मध्ये अस्तर आहे, पेशींचा एकच थर. त्यातल्या काही पेशी सुरईच्या आकाराच्या. त्या रक्तातलं पोटॅशियम उपसून नळीत ओतत राहतात. नळीत त्याची एवढी गर्दी होते की ते परत पेशींत घुसायला बघतं. शेजारच्या उंच पेशींना नळीच्या बाजूनं ब्रशासारखी झालर असते, तिथून ते घुसतं आणि घुसताना अमिनो आम्लाला बरोबर घेऊन जातं. सर सांगायचे, नगरच्या स्टँडवर कर्जतची एसटी लागली की तुम्ही चढता का? नाही. मागचा रेटा तुम्हाला चढवतो. तसंच.

वहिनी पाला पसरता पसरता थांबली. "आन त्या रेट्यात पाकीटमार बी चडत आसंल की."

"चढत असेल," मी म्हटलं आणि पान उलटलं.

दोनच दिवसांनी वहिनीला अडचण आली. आमच्याकडे तेव्हा बाहेर बसायची पद्धत होती. तिनं पहाटे आईला सांगितलं आणि गोठ्याशेजारच्या पडवीत जाऊन बसली. अळ्या शेवटच्या टप्प्यात होत्या, त्यांना राक्षसासारखी भूक. माझं तर आत पाऊल पडत नव्हतं. दादा शेतावरून पाला आणून टाकायचा, पण पसरणार कोण? शेवटी आईनंच पदर खोचला आणि हात-पाय धुऊन आत गेली.

दुपारी तिची किंकाळी ऐकू आली. मी नाक दाबून दारापर्यंत गेले. ट्रेमधल्या अळ्या डोकं वर करून डुलत होत्या. अर्धं अंग उचलायचं, हवेत हलवायचं आणि कोसळायचं. कित्येकींच्या तोंडातून हिरवा रस गळत होता. काही आक्रसून पडल्या होत्या, लिबलिबीत, त्यांच्याच ओकारीत. मला तिथंच उमासा आला. आईनं पंचा उचलून उजेडात धरला. हळदीच्या पिवळ्यावर लाल लाल ठिपके.

"बगा!" आई अंगणात येऊन ओरडली. "रगताचं डाग! हिनं इटाळात हात लावला, आन मंग मला सांगिटलं!"

वहिनी पडवीतून उठून उभी राहिली. "आत्याबाई, काल सांजपासनं म्या आत पाय ठिवला न्हाई. आईच्यान."

"मंग ह्ये काय आबाळातनं पडलं?"

अंगणाबाहेर शेजारणी जमल्याच होत्या. अशा वेळी त्यांना कुणी बोलवावं लागत नाही. एक म्हणाली, पायगुण. दुसरी म्हणाली, आमाला तर लग्नातच वाटलं हुतं. एका बाईचा महिना आणि तिचं रक्त, ह्यावर भर दुपारी चारचौघांत चर्चा! मला अळ्यांची आली नव्हती एवढी किळस त्या तोंडांची आली. आणि आई तो पंचा प्रत्येकीला दाखवत होती. शेवटी तिनं दादाला सांगितलं, "कर्जतला जा आन हिच्या भावाला फोन लाव. म्हणावं, तुमची बहीण घिऊन जावा. आसली सून मला नगं."

गेलेली सून परत येते न येते, हे आमच्या गल्लीतल्या पोरींना शिकवावं लागत नव्हतं. एक अशीच माहेरी धाडलेली, तिच्या जागी दुसरी येऊन दोन पोरं झाली होती. वहिनीनं दादाकडे बघितलं. दादानं एम-एटीची किक मारली आणि गेला. अळीला कणा नसतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, दादाला असावा अशी आपली माझी समजूत. संध्याकाळी तो परत आला आणि म्हणाला, उद्या येत्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी ट्रे गेले. वहिनी पडवीत, खोलीकडे तिचं तोंडसुद्धा नाही, तरी अळ्या मरतच होत्या. हे काही मला पटेना. म्हटलं, एवढी तीन वर्षं चिरफाड केली ती काय लोणच्याला? मी चिमट्यात एक मेलेली अळी धरली, अंगणात जुनी ताटली घेतली, कॉलेजची कात्री-पेटी काढली. वहिनीचा पंचा आईनं उकिरड्याकडे भिरकावला होता, तो उचलून मांडीवर घेतला. एका हातानं नाकाला ओढणी आणि दुसऱ्या हातानं कात्री. देवा रे! अंग फाटलं तसं आतडं बाहेर उसळलं, आणि आतला हिरवा रस माझ्या मनगटापर्यंत उडाला. मी "ई" करून हात पंच्याला पुसला.

आणि पुसल्या जागी पंचा लाल झाला. माझ्या डोळ्यांदेखत. रस हिरवा आणि डाग लाल.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे कुठल्या बाईला माहीत नाही? आईला माहीत नव्हतं? तिनं जन्मभर हळदीचे कपडे धुतले. पण दोष कुणावर टाकायचा हे ठरलेलं असलं की डोळ्यांना तेवढंच दिसतं. अळीच्या आतड्यातला रस साबणासारखाच अल्कधर्मी असतो, चुन्याच्या निवळीसारखा, हे तर माझ्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं. मी तशीच माखल्या हातानं गोठ्यात धावले. आबांच्या तळहातावरचा चुना बोटावर घेतला आणि पंच्याच्या कोऱ्या पिवळ्या कोपऱ्यावर घासला. तसाच लाल डाग.

"आबा, हे रक्त नाही! अळीची ओकारी आहे!"

आबांनी पंचा उलटापालटा केला. "म्हंजी हिच्या पोटात चुना हाय म्हन की."

"चुन्यासारखंच."

आबा हसले, तळहातावरची तंबाखू चिमटीत धरली. "मंग हिला तंबाखू लई चडंल बग. नुसती तंबाखू म्हंजी चारा. चुना लागला की मंग ती डोस्क्यात जाती."

डोकं वर करून डुलणाऱ्या अळ्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. तंबाखूचं विष आणि चुन्याचं पोट. त्या विषाला तर रेटासुद्धा लागत नाही, चुना मिळाला की ते अस्तरातून सरळ पार होतं. पाकीटमार चढला होता. पण आणला कुणी? आबांना बंदी. दादाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. वहिनी पडवीत. मी मान वळवली. खोलीच्या दारात आई उभी होती, पाल्याची पाटी कमरेवर, आणि बोट तोंडात.

तेवढ्यात वहिनीचा भाऊ अंगणात आला. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. त्याला कुणी बस म्हणायच्या आत मी बोलून मोकळी झाले. "आई, अळ्या तुझ्या मिश्रीनं मेल्या."

"मिश्रीनं?" आईनं पाटी खाली आदळली. "मिश्री काय तंबाखू हाय व्हय? दातासाठीची चीज ती! सायबानं तंबाखू सांगिटली, मिश्रीचं नाव तरी काडलं का?"

"आन मिश्री भाजतीस कशाची?" गोठ्यातून आबा.

"भाजल्यावर काय ऱ्हातंय तिच्यात?"

"काय ऱ्हात न्हाई तर दिसातनं धा बारी कशाला लावतीस?"

आई लालबुंद झाली. ती हट्टी, पण खोटी नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. "आना पान," म्हणाली. तुतीचं एक पान घेतलं, बोट तोंडात घालून काढलं आणि सगळ्यांसमोर पानावरून फिरवलं. काळा ओला पट्टा उठला. दादानं चांगल्या ट्रेमधली एक धडधाकट अळी आणून पंच्यावर ठेवली आणि पान तिच्या तोंडाशी दिलं. ती खायला लागली. आई म्हणाली, "बगा! काय झालं का?" अळीनं आणखी थोडं खाल्लं, मग थांबली. डोकं वर उचललं, डुलली आणि हिरवं ओकली. पंच्यावर लाल ठिपका उमटला. त्या बारक्या ठिपक्याकडे आम्ही सगळे बघत होतो. आई घरात निघून गेली.

मला वाटलं, संपलं. दादालाही तसंच वाटलं असावं, कारण तो पाहुण्याला म्हणाला, "च्या घ्या." तर वहिनी पडवीतून आली, हातात तिची कापडाची पिशवी.

"आता कशाला निगालीस?" दादा म्हणाला. "मिटलं की सगळं."

वहिनी त्याच्यासमोर थांबली. "अळ्यांची किळस मला कदी आली न्हाई," ती म्हणाली. त्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. भावाच्या पुढं होऊन एसटीच्या रस्त्याला लागली. दादा तिथंच उभा राहिला.

वाचलेल्या अळ्या कोषात गेल्या, कोष विकले गेले. दादा दोनदा नेवाशाला जाऊन हात हलवत आला. वहिनीचा निरोप एवढाच, जिनं म्हटलं तिनं यावं. आई म्हणायची, "मी? सुनंच्या दारात? माझं काय अडलंय!" मिश्रीचं बोट चालूच. पण संक्रांतीला शेजारणी हळदीकुंकवाला आल्या आणि त्यातल्याच एकीनं, त्या दिवशी पायगुण म्हणालेलीनं, गोड आवाजात विचारलं, "सून दिसंना ती?" आईनं कुंकवाचा करंडा खाली ठेवला, असं आबांनी मला नंतर सांगितलं. हळदीला चुना लावूनच कुंकू करतात. ते तिला तेव्हा आठवलं की काय, कोण जाणे.

त्यानंतर एका सकाळी आई माझ्या हॉस्टेलच्या फाटकात उभी. कर्जतहून पहिल्या गाडीनं आली होती. "चल," म्हणाली, "नेवाशाला." एसटीत ती खिडकीशी बसली. सारखी कमरेच्या पिशवीशी हात जायचा आणि परत यायचा. डबी काही तिनं काढली नाही.

वहिनीच्या माहेरी सगळे ओसरीवर होते. तिची आई उठून या म्हणाली, तरी आमची आई उंबऱ्याबाहेरच थांबली. वहिनी आतून आली. अंगणापलीकडे शेजारपाजारच्या दोघी-तिघी काम सोडून बघत होत्या. आईनं त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं. मग उजवा हात पुढं केला, ते काळं बोट उभं धरलं आणि चांगलं मोठ्यानं म्हणाली, "ह्ये बोट हुतं. माझं. हिचा काय बी दोष न्हवता."

वहिनी आत गेली. मला वाटलं, गेली ती गेली. तर ती पाण्याचा तांब्या आणि साबणाची वडी घेऊन बाहेर आली. आईच्या हातावर पाणी घातलं, आणि ते बोट आपल्या हातात धरून चोळायला लागली. पेर, नख, नखाची कड. काळं पाणी पायरीवरून वाहत होतं. मी तोंड फिरवलं आणि परत बघितलं.

"त्ये निगायचं न्हाई गं आता," आई हळूच म्हणाली.

"मंग मिश्री डाव्या हातानं लावत जावा, आत्याबाई," वहिनी बोट न सोडता म्हणाली. "उजवा लागंल. माझ्या अळ्यांना पाला कोन घालनार, मी बाहेर बसल्यावर?"

आईला हुंदका आला. मलाही आला, खोटं कशाला बोलू. आणि त्यातच कळलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्र्याच्या खोलीत पुन्हा त्या थंडगार, लिबलिबीत अळ्या असणार. शी.